तुरटीची कांडी, प्रयत्न तिसरा (आणि कंठमण्यावरचा तोच तो काप)

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की दाढीत कापलं तर तुरटीचा ठोकळा असला की रक्त थांबवायला बाकी कशाची गरज नाही. शब्द मागे घेतो. रविवारी ओपन कोंबने (पात्याखाली सलग पट्टीऐवजी दाते असलेला रेझर) उलटा पास, म्हणजे केसांच्या वाढीविरुद्ध हात, मारताना कंठमण्याच्या डाव्या कडेला कापलं आणि बावीस मिनिटं मी आरशासमोर मान वर करून उभा होतो.

नुसते वीपर, म्हणजे केसांच्या मुळाशी फुटलेले टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके, असते तर ठोकळ्याने भागलं असतं. ते गार पाण्याचा हबका आणि ठोकळ्याचा एक हात, एवढ्यात गप्प बसतात. शिवाय कुठे झोंबलं त्यावरून कुठे जोर जास्त पडला ते कळतं. माझ्या मते ठोकळ्याचं खरं काम हेच. खऱ्या कापापुढे मात्र तो हतबल. तुरटीतलं ॲल्युमिनियम प्रथिनं साकळवतं, कातडी आवळून धरतं, पण त्यासाठी तुरटी जागेवर टिकली तर पाहिजे! सपाट ठोकळा गोल कंठमण्यावर टेकतो कुठे? खालून येणारं रक्त तुरटी धुऊन नेतं, आपण पुन्हा घासतो, घासण्यात जमलेली गुठळी निघते. हा खेळ मी निदान दहा वेळा केला. थांबलं म्हणून आवंढा गिळावा, तर पुन्हा सुरू.

म्हणून टोकदार कांडी. विकतची मागवली होती ती पाकिटातच दुभंगून आली. विक्रेत्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. (ब्रश त्याच्याकडचे उत्तम, पण कांडी मागवू नका.) तुकडा वापरून पाहिला. काम करतो, पण त्यात पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड असल्यामुळे गळ्यावर चुन्याचं बोट लागल्यासारखं दिसतं. मग घरीच ओतायची खुमखुमी आली.

पहिला प्रयत्न थेट आचेवर केला, तिथेच चुकलं. तुरटी ९२ अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःच्याच स्फटिकातल्या पाण्यात वितळते. आच वाढली की ते पाणी उडून जातं आणि फुगून लाही होते. माझी लाही भांड्याच्या काठापर्यंत आली. दुसऱ्या वेळी उकळत्या पाण्यात काचेचं भांडं ठेवलं. काच अशासाठी की वितळलेली तुरटी आम्लधर्मी असते, धातू खाते. वितळली झकास, अगदी पाण्यासारखी नितळ. ओतली प्लास्टिकच्या स्ट्रॉमध्ये आणि स्ट्रॉ सोलताना कांडीचे चार तुकडे.

तिसरा प्रयत्न परवाचा. जाड कागदाची नळी, आतून पेट्रोलियम जेलीचा पुसट हात, ओतल्यावर रात्रभर अजिबात धक्का नाही. सकाळी कागद भिजवून सोलला. अखंड! करंगळीपेक्षा बारीक, किंचित वाकडी, पण अखंड. ओल्या फडक्यावर फिरवून टोक काढलं आणि उगाचच बराच वेळ हातात धरून बसलो. एका मित्राने लगेच वापरायला मागितली. त्याला सांगितलं, तुझी वेगळी ओततो. रक्ताला लागणारी वस्तू दोघांत नको, हिपॅटायटिस बी आणि सी असेही पसरतात.

आज परीक्षा झाली, कारण आजही तिथेच कापलं. गार पाण्यात भिजवलेला कापूस आधी दाबून धरला, जागा टिपली, मग कांडीचं ओलं टोक न घासता तीस सेकंद टेकवलं. थांबलं! जिंकल्यासारखं वाटलं. अर्ध्या तासाने शर्टाची कॉलर पाहिली तर लाल.

म्हणजे दोष औषधाचा नाहीच. तुरटीने बसवलेला बूच कडक असतो आणि ही जागा दर आवंढ्याला हलते, वर कॉलर घासते. इथे रक्त थांबवण्याइतकंच थांबलेलं धरून ठेवणं गरजेचं आहे. टिश्यूचा कपटा लावा असं सुचवणाऱ्यांना नमस्कार. तो गुठळीत वाळतो आणि काढताना तिला सोबत घेऊन जातो. फेरिक सबसल्फेटबद्दल (रक्त थांबवणारा लोहाचा क्षार) विचारलं होतं कुणीतरी. रक्त थांबतं, पण लोहाचा तपकिरी डाग पडतो, चेहऱ्यावर नको. सिल्व्हर नायट्रेट तर कातडी जाळतं, ते दवाखान्यातच राहू दे.

हे लिहितानाच प्रथमोपचाराच्या डब्यातली अल्जिनेट पट्टी आठवली. समुद्री शेवाळापासून करतात. तिच्यातलं कॅल्शियम सुटतं, जखमेतलं सोडियम आत जातं आणि पट्टीचं जेल होतं, म्हणजे ओली केली की अलगद सुटायला हवी. चौथी कांडी ओतायचा बेत होता, तो पुढे ढकलला. आधी पाच मिनिटं घड्याळ लावून सलग दाबायचं, मध्ये उचलून बघायचं नाही (मी दर वेळी बघतो), मग कांडीचं टोक, त्यावर पट्टीचा नखाएवढा तुकडा.

आणि खरं तर कंठमण्यावर उलटा पास हवाच कशाला? कातडी बाजूला ओढून मानेच्या सपाट भागावर आणायची आणि तिथे जुन्या माइल्ड (सौम्य) रेझरने सुलटा, केसांच्या वाढीच्या दिशेने, पास द्यायचा, हे तुम्ही वाचकांनी मला दोनदा सांगितलं होतं. बुधवारी तसंच करतो. आता पंचाईत एवढीच की कापलंच नाही तर पट्टीची परीक्षा कशी घ्यायची.