नॉमिनी कोण आहे?

"ह्यांनी सगळं नीट करून ठेवलं होतं हो, फक्त कुठे ते सांगितलं नाही."

दादरला बँकेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या काकू काउंटरवर सांगत होत्या. पिशवीत जुनी पासबुकं, एफडीच्या पावत्या. नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव. त्या तर काकांच्याही आधी गेलेल्या.

काउंटरवरची मुलगी चांगली होती. काकूंना खुर्ची दिली, वारस म्हणून कोणते कागद लागतील ते मराठीत लिहून दिलं. तरी हेलपाटे आता काकूंनाच.

पैशाचं नवऱ्याने बघायचं, ही रीत अजून किती घरांत आहे! आणि मरणाचा विषय काढला की "अभद्र बोलू नकोस".

दहा वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. वारसांना ती मागता येते, शोधायला 'उद्गम' पोर्टल आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. पण ते लावायला खातेदार हयात हवा ना.

तुमची खाती, विमा, पीएफ कुठे आहे, हे घरात आणखी कोणाला माहीत आहे?