तुम्ही विचारलंत म्हणून : गणित कच्चं असलेल्या पोरीला नर्सिंगला घालावं का?

निपाणीला माहेरी गेले की दुसऱ्या दिवशी कुणी ना कुणी दारात येतंच. "पोरीला नर्सिंगला घालावं म्हणतोय, पण गणित लई कच्चं हाय बघ. जमंल का गं तिला?" पोरगी शेजारीच उभी असते, आपल्याबद्दल नव्हे, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असा चेहरा करून. बेळगावात ड्युटीवर असताना पेशंटच्या उशाशी बसलेल्या बायकाही हेच विचारतात, फक्त तिथे मी 'सिस्टर' असते. आपल्या भागातली मुलंही बरीच नर्सिंगला जातात, पण मुलाचं गणित कच्चं आहे म्हणून काळजीनं विचारायला आजवर कुणी आलेलं नाही. असो. दरवेळी घाईत "जमतंय की, घाला" एवढंच बोलून होतं, म्हणून आज जरा नीट सांगते.

आधी कागदावरचं. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला, म्हणजे आपल्याकडच्या पीयूसीला, फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं; खुल्या गटाला किमान ४५ टक्के. त्यात गणित नाही. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय हवा आणि ४० टक्के. दहावीचं गणित मात्र सुटत नाही, तिथं पास व्हावंच लागतं. आणि एक गोम आहे. पीयूसीला सायन्स घेतलं की बऱ्याच कॉलेजांत गणित गळ्यात पडतं. त्याऐवजी दुसरा विषय कुठे मिळतो ते प्रवेश घेण्याआधी विचारा. नको असलेल्या गणिताच्या ट्यूशनमध्ये दोन वर्षं घालवून बायॉलॉजीचे मार्क गमावलेल्या मुली माझ्या बघण्यात आहेत.

मी स्वतः कच्चीच होते. बीजगणित सुरू झालं की माझ्या पोटात गोळा यायचा. एका सरांनी भर वर्गात सांगितलं होतं, "तू आईसारख्या विड्याच वळणार." आई खरोखरच विड्या वळायची. चौथी शिकलेली. माल देताना छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, किती निघाली, ती वजा जाऊन हजारी दरानं हातात किती यायला पाहिजेत, हे समोरच्याचं पेन चालायच्या आत तिला ठाऊक असायचं. त्या सरांच्या मते हे गणितात बसत नव्हतं. वॉर्डात मात्र नेमकं हेच लागतं.

वॉर्डातलं गणित म्हणजे गुणाकार, भागाकार, दशांश चिन्ह आणि त्रैराशिक. लिटरचे मिली, ग्रॅमचे मिलिग्रॅम. बस्स. ५०० मिलीची सलाईन ६ तासांत द्यायची आहे. साध्या सेटमधून, म्हणजे सलाईनच्या नळीतून, १ मिलीला २० थेंब पडतात, म्हणजे एकूण १०,००० थेंब. त्याला ३६० मिनिटांनी भागलं की मिनिटाला साधारण २८. पण मिनिटभर थेंब मोजत उभं राहायला वेळ कुणाला आहे? आम्ही घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवून १५ सेकंदांत ७ थेंब धरतो आणि पुढच्या बेडकडे जातो. लहान मुलांच्या सेटमधून १ मिलीला ६० थेंब पडतात, त्यामुळे तिथं तर काहीच करावं लागत नाही. तासाला जितके मिली, तितकेच मिनिटाला थेंब. हे महिन्याभरात हातात बसतं, जसं चपातीचं पीठ बसतं.

चुका होतात त्या आकडेमोडीपेक्षा न बघण्यामुळे. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीला १२५ मिलिग्रॅमचं येतं, तसंच २५० चंही येतं. १० किलोच्या लेकराला किलोमागे १५ प्रमाणे १५० मिलिग्रॅम द्यायचं तर एका बाटलीतून ६ मिली, दुसरीतून ३. नाव तेच, खोकाही बहुतेक तसाच. किंवा इन्सुलिन घ्या. लाल टोपणाची सिरिंज मिलीला ४० युनिटच्या इन्सुलिनची, केशरी टोपणाची १०० युनिटच्या. वायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, एकीकडची आणि सिरिंज दुसरीकडची झाली तर डोस अडीच पटीनं चुकतो, आणि गणितात शंभरपैकी शंभर मिळवलेल्या मुलीचाही चुकतो. त्यामुळे लेबल तीनदा वाचायचं: औषध कपाटातून घेताना, भरताना आणि देण्याआधी. फोनवर डॉक्टरांनी डोस सांगितला तर तो उलट वाचून दाखवायचा, तोही एकेक आकडा सुटा करून. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात. डॉक्टर इंग्रजीत, इनचार्ज सिस्टर कन्नडमध्ये आणि पेशंटची सासू मराठीत एकाच वेळी बोलत असते, हे जमेस धरा.

आता लेबर रूममधली गोष्ट. खानापूरकडच्या जंगलपट्टीतून १०८ मधून एक बाई आली, आठवा महिना, बीपी भडकलेलं, घरी झटका येऊन गेलेला. अशा वेळी झटके थांबवायला मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, द्यायचं असतं. एका ॲम्प्युलमध्ये, म्हणजे फोडायच्या काचेच्या छोट्या कुपीत, २ मिली, त्यात १ ग्रॅम औषध. सुरुवातीला शिरेतून ४ ग्रॅम, ते पातळ करून: औषध ८ मिली, डिस्टिल्ड वॉटर १२ मिली, मिळून २० मिली, आणि सावकाश. मग दोन्ही कुल्ल्यांत खोलवर प्रत्येकी ५ ग्रॅम. एकूण १४ ॲम्प्युल.

माझ्यासोबत शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती. ट्रेमध्ये ॲम्प्युल मांडता मांडता ती थांबली. आम्हीच पहिल्या वर्षापासून त्यांच्या डोक्यात भरवलेलं असतं की एका डोसला दोन-तीनपेक्षा जास्त ॲम्प्युल फोडावे लागत असतील तर आधी हिशेब पुन्हा तपास. इथं १४. डॉक्टर घाई करताहेत, बाईचा नवरा दाराशी हात जोडून उभा, आणि ही पोरगी म्हणते, "सिस्टर, हे एवढे कसे? आणि तिकडनं पाठवताना पहिला डोस दिलाय काय?"

तिचा आकडा बरोबरच होता, मॅगसल्फ हा त्या नियमाला अपवाद आहे. पण दुसरा प्रश्न लाखमोलाचा. खेड्यातल्या केंद्रातून पाठवताना पुष्कळदा स्नायूंत पहिला डोस देऊनच पाठवतात. इथं पुन्हा सगळा दिला तर श्वास मंदावतो, गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो तो उडेनासा होतो. म्हणून तर त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, शेजारी भरून ठेवतात आणि लघवी तासागणिक मोजतात. रेफर चिठ्ठी नवऱ्याच्या खिशात घडी घालून होती. ती काढून वाचली. डोस दिलेला नव्हता. मग १४ च्या १४ फोडले.

त्या मुलीला दहावीला गणितात जेमतेम पासापुरते मार्क होते, हे तिनंच नंतर सांगितलं. मला काळजी वाटते ती वेगळ्या मुलींची. "कळलं का?" म्हटलं की "हो सिस्टर" म्हणतात, आणि डोळ्यांवरून दिसतं की कळलेलं नाही. शाळेत फळ्यासमोर हसं झालेलं असतं, त्याची धास्ती वॉर्डापर्यंत येते. गणित शिकवता येतं, मी स्वतः कागदावर दहादा करून घेते. न विचारण्याची सवय मोडायला मात्र वर्ष जातं, कधीकधी मोडतच नाही. तेव्हा आई-बापांनी घरी मार्कांवरून बोलायचं जरा कमी केलंत तर आमचं काम हलकं होईल.

पुढे रिसर्चच्या पेपरात थोडी संख्याशास्त्राची हजेरी असते, सरासरी, मध्यक, असलं. सरकारी भरतीच्या परीक्षेतही थोडं अंकगणित येतं. पाठ करून निभावतं.

खरं जड जातं ते इंग्रजी. मराठी शाळेतून आलेल्या पोरीला पहिल्या वर्षी ॲनाटॉमीचं पुस्तक उघडलं की रडू येतं, आणि त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. दहावीच्या सुट्टीत गणिताची शिकवणी लावण्यापेक्षा तिला रोज पानभर इंग्रजी मोठ्यानं वाचायला लावा. सोबत कामापुरतं कन्नडही येऊ द्या. रामदुर्ग-सौंदत्तीकडची आजी कुठं दुखतंय ते मराठीत सांगणार नाही.

आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीला भुलू नका. इंडियन नर्सिंग कौन्सिलची आणि राज्याच्या कौन्सिलची मान्यता चालू वर्षाची आहे का, ते कागद मागून बघा. स्वतःचं हॉस्पिटल आहे का, त्यात खाटा किती, त्यातल्या भरलेल्या किती, मुली रोज वॉर्डात उभ्या राहतात की नुसत्या वहीत सह्या होतात, हे तिथं शिकणाऱ्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा. ऑफिसमध्ये विचारू नका.