आधी प्रश्न, मग नाव

प्रश्न विचारला की पहिल्या बाकावरचे तेच चार हात वर. त्यावर उपाय: आइस्क्रीमच्या काड्यांवर मुलांची नावं लिहून डब्यात ठेवा. आधी प्रश्न, मग ५ सेकंद गप्प, मगच काडी. नाव आधी घेतलं की बाकीची पोरं विचार करणं सोडतात. काढलेली काडी परत डब्यात टाका, नाहीतर उत्तर देऊन झालेला तासभर निवांत! अडलेल्याला शेजाऱ्याशी मिनिटभर बोलू द्या. पुण्यातल्या वर्गात घरी हिंदी, कन्नड बोलणारी मुलं असतात. आधी त्यांच्या भाषेत बोलली तरी चालतं.

आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांची यादी वर्गात मोठ्याने वाचू नये. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढे बसवून आपण फळ्याकडे तोंड करून बोललो, तर त्याला ओठ दिसणार कसे? आधी लिहा, मग वळून बोला.