चार अंशांची पाचर

रविवार, संध्याकाळ

ॲम्बेसेडरची थरथर आज गेली. काटा साठच्या पुढे सरकला की सीटखाली घुमायला लागायचं, ते आज खापरीपासून बुटीबोरीपर्यंत एकदाही जाणवलं नाही. मागचे पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, नवे भरून कमान चढवून घेतली, तेव्हापासूनचं हे दुखणं. गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्यापर्यंत जोर नेणारा शाफ्ट बॅलन्स करून झाला, त्याच्या टोकांचे दोन्ही क्रॉस, म्हणजे वाकणारे सांधे, नवे टाकून झाले, तरी ते होतंच. पण त्याची एक खूण होती. ॲक्सिलरेटर दाबला की वाढायचं, पाय उचलला की विरायचं. बॅलन्सचा दोष वेगाबरोबर वाढतो, पायाशी त्याचा फारसा संबंध नसतो. म्हणून या सांध्यांचे कोन मोजायचं ठरवलं.

क्रॉसचं काम मला फार सुंदर वाटतं. कोनात वाकलेल्या क्रॉसमधून फिरणारा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. कोन 3 अंशांचा असेल तर हा चढउतार हजारात दीडसुद्धा भरत नाही, 10 अंशांचा असेल तर शंभरात दीड होतो. मागचा क्रॉस तेवढ्याच कोनात असला आणि शाफ्टची दोन्ही टोकं एका रेषेत जुळलेली असली, तर पुढच्याने केलेला हा चढउतार मागचा पुसून टाकतो आणि पिनियन, म्हणजे मागच्या धुऱ्यात जोर नेणारं दातेरी चाक, एकसारखं फिरतं. दोन्ही कोन शून्य ठेवणं मात्र बरं नाही. क्रॉसच्या सुईसारख्या बेअरिंगना थोडं तरी हलावं लागतं, नाहीतर त्या एकाच जागी खड्डे पाडतात.

सातलाच वाडीत वस्तादांकडे पोहोचलो. मे महिन्यात दहानंतर त्या पत्र्याखाली हात लावावा असं लोखंड उरत नाही. मी जॅक काढायला लागलो तर म्हणाले, "भाऊ, गाडी टांगून मापाल त माप खोटं येईन. चाकं जमिनीवर पायजेत." अगदी खरं. हाउसिंग, म्हणजे मागच्या धुऱ्याचं कवच, लोंबकळलं की पिनियनचं तोंड भलतीकडे वळतं. गाडी खड्ड्यावर घेतली, चाकांवर तिचं पूर्ण वजन ठेवलं आणि लोहचुंबकाचं कोनमापक लावलं. जमीन थोडी उतरती होती, पण गाडी न हलवता तिन्ही मापं घेतली की उतार सगळ्यांत सारखाच येतो आणि त्यांच्यातला फरक खरा निघतो.

गिअरबॉक्स मागे 3 अंश उतरता, शाफ्ट 4. पिनियनचं तोंड मात्र 6 अंश वर. म्हणजे पुढच्या क्रॉसला 1 अंश, मागच्याला उलट दिशेने 2. त्यात जोर लागला की पाटे पिळतात आणि पिनियन आणखी वर उठतं, म्हणून पाय दाबला की थरथर वाढायची. हे कागदावर मांडलं तेव्हा मनापासून आनंद झाला.

वस्तादांनी पाटा आणि हाउसिंगच्या मध्ये बसवायला 4 अंशांची लोखंडी पाचर निवडली. ॲल्युमिनियमची हलकी असते, पण दाबाखाली चेंगरते. पाटा हाउसिंगच्या खाली असेल तर पिनियनचं तोंड उतरवायला पाचरेची जाड बाजू मागे, वर असेल तर पुढे. यात उलटसुलट झालं तर दोष दुप्पट होतो, त्यामुळे आवळण्याआधी दोघांनी हात लावून पाहिलं. पाटे एकत्र धरणारा मधला बोल्टही लांब घेतला. आता पिनियन 2 अंश वर आहे, गिअरबॉक्सला समांतर असण्यापेक्षा 1 अंश खाली, आणि ते मुद्दाम. चालताना पाटा तेवढा उचलून देतो. तोंड उतरल्यामुळे शाफ्ट 5 अंशांवर आला, म्हणजे जोरात असताना दोन्ही क्रॉस 2 अंशांवर.

परतल्यावर पाटे हाउसिंगला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टला हात लावून पाहिला, एक थोडा सैल लागला. नवी पाचर बसते तेव्हा असं होतं. आठवडाभर चालवून चारही पुन्हा आवळायचे, मग एकदा मागे तीन माणसं बसवून मापं घ्यायची.