आधी फोन, मग फॉरमॅट

कस्टमर केअरच्या नावाखाली कुणी फसवलं तर पहिलं कॉम्प्युटरवाल्याकडे येऊ नका. हे मी सांगतोय, अमळनेरात कॉम्प्युटर दुरुस्तीचंच दुकान चालवणारा माणूस. धंद्याच्या दृष्टीने हे काही शहाणपणाचं बोलणं नाही. पण होतं असं, की माणूस घाबरतो, कपाळाला हात लावून बसतो, घरात कुणाला सांगू की नको यात तास-दीड तास घालवतो आणि मग सीपीयू काखेत मारून थेट माझ्या काउंटरवर आणून ठेवतो. "फॉरमॅट मारी दे भाऊ." फॉरमॅट मारला की मशीन साफ होतं, ते खरं. गेलेला पैसा त्याने येत नाही. उलट पोलिसांच्या उपयोगाचं जे काही आत असतं तेही पुसलं जातं.

ही फसवणूक शिरते मुख्यतः दोन वाटांनी. पहिली सगळ्यांना माहीत आहे. फुकट सिनेमा किंवा निकालाची पीडीएफ शोधताना कुठेतरी क्लिक होतं आणि अख्खी स्क्रीन लाल-निळी होते. भोंगा वाजायला लागतो. मायक्रोसॉफ्टच्या नावाने इंग्रजीत धमकी येते की कॉम्प्युटर लॉक झालाय, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. प्रत्यक्षात ते एक वेबपेज असतं. एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरायचं म्हणजे फुल स्क्रीन सुटते. नाही सुटली तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझर बंद करायचा. पुन्हा उघडताना तो विचारतो, जुनी पानं परत उघडू का? तिथे नाही म्हणायचं. झालं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, आणि तुम्ही न बोलावता ते स्वतःहून फोन करत नाहीत.

कोपऱ्यात सारखं सारखं "व्हायरस सापडला" असं येत असेल, तर बहुतेक वेळा कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलेली असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढली की त्रास थांबतो. याचे मी चहा सांगतो, पैसे नाही.

दुसरी वाट जास्त वाईट, कारण तिथे फोन आपण करतो.

मला नववीला भूमिती शिकवलेले एक सर आहेत. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला, घरी सर आणि काकू. घरातला राउटर बदलला आणि त्यांचा प्रिंटर बंद पडला. सरांनी गूगलवर त्या प्रिंटर कंपनीचा हेल्पलाइन नंबर शोधला. सगळ्यात वर जो आला त्यावर बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं होतं, म्हणजे पैसे भरून वर आणलेली जाहिरात. ती बारीक अक्षरं त्या वयाला दिसत नाहीत. फोन लावला. पलीकडचा मुलगा अतिशय नम्र, हिंदीत बोलणारा, दर वाक्याला "सरजी".

त्याने एनीडेस्क टाकायला लावलं आणि स्क्रीनवरचा नंबर विचारला. एनीडेस्क स्वतः काही वाईट नाही. मीही चोपड्याच्या, पारोळ्याच्या गिऱ्हाइकांची कामं त्यावरूनच करतो. ते दुसऱ्याच्या हातात माउस देतं, एवढंच त्याचं काम. तो हात कुणाचा, हे सॉफ्टवेअर कसं ओळखणार?

मग ठरलेला खेळ सुरू झाला. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून त्याने लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली. या सगळ्या एरर आहेत म्हणे, मशीन सडलंय. कालच नवीन विंडोज टाकलेल्या मशीनवरही अशी यादी निघते. एखादी सर्व्हिस दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी विंडोज तिथे नोंद करतं. त्यानंतर काळ्या खिडकीत नेटस्टॅट कमांड, म्हणजे कॉम्प्युटर कुठे कुठे जोडलेला आहे त्याची यादी. त्यात एका रकान्यावर "फॉरेन ॲड्रेस" लिहिलेलं असतं. तो म्हणाला, बघा, परदेशी लोक तुमच्या कॉम्प्युटरमध्ये घुसलेत. त्या रकान्याचा अर्थ फक्त समोरच्या टोकाचा पत्ता, म्हणजे तुम्ही गूगल उघडलं असेल तर गूगलचा. आयुष्यभर सिद्धतेशिवाय पुढची पायरी मान्य न करणारे सर इथे फसले, याचं मला अजून नवल वाटतं. नवल वाटतं आणि वाटतही नाही. तो भूमितीचा पेपर नव्हता, भीतीचा होता.

पुढे सुरक्षेचा प्लॅन म्हणून यूपीआयने थोडे पैसे घेतले. मग "जास्त कापले गेले, परत करतो" म्हणून नेटबँकिंग उघडायला लावलं. स्क्रीन काळी केली. अपडेट चालू आहे, हात लावू नका. त्या काळ्या पडद्याआड एक एफडी मोडली गेली. आलेले ओटीपी सरांनी फोनवर वाचून दाखवले. आकडा लिहीत नाही, सरांना ते आवडणार नाही.

सर मशीन घेऊन दुकानात आल्यावर मी ते चालूच केलं नाही. माझ्या मोबाइलवरून १९३० लावला. ही सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. तिथे तक्रार पडली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि रक्कम तिथे असेल तर अडवता येते. चोरसुद्धा पैसा एका खात्यात ठेवत नाहीत. भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून तो पुढे पुढे सरकवतात आणि शेवटी एटीएममधून काढतात. म्हणून पहिला तास सोन्याचा. फोन करताना आपला खाते नंबर, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर हाताशी ठेवा. यूपीआयच्या व्यवहारात तो बारा आकडी असतो. नंतर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर सगळी माहिती नीट भरायची आणि पोलीस ठाण्यात जायचं. जळगावला वेगळं सायबर पोलीस ठाणं आहे.

मी १९३०वर बोलत होतो तेवढ्यात सरांबरोबर आलेला त्यांचा भाचा तिथेच उभं राहून गूगलवर बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधायला लागला! मी त्याचा मोबाइलच काढून घेतला. डेबिट कार्डाच्या मागे नंबर छापलेला असतो, तोच लावायचा.

बँकेला तातडीने कळवण्याला आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने जबाबदारीची वाटणी ठरवून दिली. ना बँकेची चूक, ना तुमची, अशा व्यवहारात तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही. पण ओटीपी किंवा पासवर्ड स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचं. बँकेकडून तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. "सांगितलं होतं" याला पुढे किंमत नसते.

काकू मागे स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "बठ्ठा पैसा ग्यात का रे भाऊ?" सगळा नव्हता गेला. एक भाग पुढच्या खात्यात अडकून पडला, बाकीचा निसटला होता. अडवलेली रक्कम परत मिळवायला अर्ज, हेलपाटे आणि कधी कोर्टाचा आदेशही लागतो. ते अजून चालू आहे.

सर मला म्हणाले, "पोराला सांगू नकोस." माझं मत विचाराल तर चोराच्या खालोखाल नुकसान हेच वाक्य करतं. पोरगा ओरडेल, सून हसेल, मोबाइल काढून घेतील, या धाकाने म्हातारी माणसं तास न् तास गप्प बसतात. मुलांनो, आईबापाला "तुम्हाला काही कळत नाही" हे ऐकवायचंच असेल तर आठवड्याने ऐकवा. त्या दिवशी फक्त १९३० लावा.

आता माझं काम. फॉरमॅट मी तक्रार नोंदवल्यानंतरच मारतो. एनीडेस्क आपल्या फोल्डरमध्ये कनेक्शन ट्रेस नावाची एक फाइल ठेवतं. कोणत्या आयडीवरून कधी कुणी आत आलं, ते त्यात असतं. ती फाइल, ब्राउझरची हिस्ट्री, कॉल लॉग, मेसेजचे स्क्रीनशॉट हे सगळं आधी पेन ड्राइव्हवर. मग एनीडेस्कसारखी रिमोटची सगळी सॉफ्टवेअर काढायची. एक काढून भागत नाही, अनेकदा दुसरं गुपचूप टाकून ठेवलेलं असतं आणि त्याला कायमचा पासवर्ड दिलेला असतो, म्हणजे तुम्ही परवानगी न देताही तो आत. नवीन युजर, ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शन आणि स्टार्टअप, म्हणजे मशीनबरोबर आपोआप काय सुरू होतं, ते बघायचं, विंडोजच्याच डिफेंडर अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन लावायचा. एवढं करूनही कुणी तासभर आत बसून गेलं असेल तर मी फोटो आणि कागदपत्रं काढून घेतो आणि विंडोज नव्यानेच टाकतो.

पासवर्ड मात्र त्या मशीनवरून बदलायचे नाहीत, दुसऱ्या फोनवरून. सगळ्यात आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे रिसेट तिथेच येतात. ईमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग कुणी लावून ठेवलंय का, रिकव्हरीचा नंबर बदललाय का, तेही बघा. क्रोममध्ये सेव्ह करून ठेवलेले सगळे पासवर्ड गेले असंच धरून चाला.

अमळनेरकरांना एक जादा सांगणं. विप्रोची सुरुवात १९४५ साली आपल्याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली. तुपाची कंपनी पुढे कॉम्प्युटरची झाली आणि तिचे जुने शेअर गावात अजून कित्येक घरांत आहेत. म्हणजे इथल्या एखाद्या साध्या दिसणाऱ्या आजोबांच्या डिमॅटमध्ये, म्हणजे शेअरच्या खात्यात, बँकेपेक्षा जास्त ऐवज असू शकतो. कुणी रिमोटने मशीनमध्ये शिरून गेलं असेल तर शेअरच्या ब्रोकरलाही फोन करा. ट्रेडिंग खात्याचा ऑनलाइन ॲक्सेस स्वतःहून गोठवायची सोय शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२४ पासून ब्रोकरांना द्यायला लावली आहे.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हे चोर सातासमुद्रापलीकडे बसलेत. असं नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून सीबीआयने 'ऑपरेशन चक्र २'मध्ये धाडी टाकल्या, त्या आपल्याच देशातल्या कॉल सेंटरवर. टेक सपोर्टच्या नावाने ते परदेशातल्या लोकांना लुटत होते.

एकदा पैसे गेले की तुमचा नंबर यादीत जातो. काही आठवड्यांनी सरांना "सायबर सेलमधून" फोन आला, तुमची रक्कम मिळालीये, प्रोसेसिंग फी भरा. सरांनी त्याला ठाण्याचा पत्ता आणि हुद्दा विचारला, मी येऊन भेटतो म्हणाले. त्याने फोन ठेवला. पैसे परत मिळवून द्यायला आधी पैसे मागणारा तो दुसऱ्या पाळीचा चोर.

आणि हो, प्रिंटरला काही झालं नव्हतं. राउटर बदलला, वायफायचा पासवर्ड बदलला, तो प्रिंटरला कुणी सांगितलाच नव्हता.

सध्या माझ्याकडे वेगळीच रांग आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि गावातली निम्मी मशीन अजून तिच्यावरच चालतात, त्यामुळे खऱ्या सूचनाही येतात आणि खोट्यांना खऱ्याचा आडोसा मिळतो. खरी सूचना गपचूप येते, तिच्यात भोंगा नसतो आणि फोन नंबर तर नसतोच. तरी शंका आली तर त्या नंबरवर फोन न करता स्क्रीनचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवा. बघून सांगायचे मी पैसे घेत नाही. फक्त दुपारी दोन ते चार पाठवू नका, तेव्हा दुकान बंद असतं आणि मी झोपलेला असतो.