दिशा माझी, वाट तिची

चौकात उभी असले की शेजारचं कुणीतरी हमखास विचारतं, "सिग्नल सुटला हे तुमच्या कुत्र्याला कळतं कसं?" विचारणाऱ्याच्या आवाजात कौतुक असतं, म्हणून मी थांबून उत्तर देते. मी अंध आहे, आणि मॉस हा माझा आताचा गाइड डॉग, म्हणजे अंध माणसाबरोबर चालायला शिकवलेला कुत्रा. त्याला ते कळत नाही. कुत्र्यांना लाल आणि हिरव्यातला फरक फारसा दिसत नाही, निळा आणि पिवळा त्यातल्या त्यात बरा ओळखता येतो. रस्ता कधी ओलांडायचा हे मी ठरवते, आणि तेही कानांनी. आडव्या रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या आणि माझ्या बाजूने, मी जाणार त्याच दिशेने जाणाऱ्या गाड्या एकदम हलल्या, की माझी वेळ झाली. मग मी "फॉरवर्ड" म्हणते. आज्ञा इंग्रजीतच, कारण त्याचं शिक्षण त्या शब्दांवर झालेलं आहे. लाड मात्र मराठीत चालतात.

गाइड डॉग म्हणजे आंधळ्या माणसाला ओढत नेणारा कुत्रा, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. "ऑफिसला चल" म्हटलं की तो नेऊन सोडतो, असं. प्रत्यक्षात कुठे जायचं, कोणत्या कोपऱ्यावर वळायचं, किती रस्ते ओलांडायचे, हे सगळं मला पाठ असावं लागतं. मी दिशा देते. त्या दिशेने पुढच्या दहा पावलांत काय आहे ते कुत्रा बघतो. खांब, खड्डा, फुटपाथवर चढवलेली मोटारसायकल, उघडं दार, समोरून मोबाइलमध्ये बघत येणारा माणूस. फुटपाथची कड आली की तो थांबतो. जिना आला की थांबतो. मी पायाने चाचपून खात्री केली की मगच पुढचा शब्द. रोजच्या वाटा त्याच्याही अंगवळणी पडतात आणि कॉलेजच्या गेटकडे तो न सांगता वळू बघतो, ही गोष्ट वेगळी. पण जबाबदारीची वाटणी पहिल्या दिवशी ठरते ती शेवटपर्यंत तशीच राहते.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्यांचा आजार आहे. आधी रात्रीचं दिसणं गेलं, मग बाजूचं, मग नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरलं. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पांढऱ्या काठीने मी बरीच वर्षं फिरले आणि काठीबद्दल मला आजही कृतज्ञता आहे. पण काठीला एखादी वस्तू कळते ती तिच्यावर आपटल्यावर. मॉसच्या आधीची माझी कुत्री टेसा माझ्या आयुष्यात आली तेव्हा पहिला धक्का बसला तो याचा, की वस्तूच नाहीशा झाल्या! टपालपेटी, दिव्याचा खांब, झाडाभोवतीचा कठडा, ज्यांच्यावर काठी ठेवत मी वाट ओळखायची, त्या सगळ्यांना वळसा घालून टेसा निघून जायची आणि मला पत्ताही लागायचा नाही. चालण्याचा वेग वाढला, खांदे सैल झाले, पण खुणा गेल्या. मला नवा नकाशा बांधावा लागला. पायाखालचा चढ, इमारत संपल्यावर गालाला लागणारं वारं, दुकानांचे वास, पार्किंगच्या तोंडाशी बदलणारा आवाज. कुत्रा घ्यायचा विचार करणाऱ्या कुणीही मला विचारलं, तर मी हे आधी सांगते. काठी चांगली येत असल्याशिवाय आणि आपला रस्ता आपल्याला माहीत असल्याशिवाय कुत्र्याचा उपयोग नाही.

हार्नेसची मूठ ही खरी बोलण्याची जागा. कुत्र्याच्या अंगावर पट्टे असतात आणि त्यांना जोडलेली ताठ दांडी माझ्या डाव्या हातात. दोरीतून फक्त ओढ कळते. ताठ दांडीतून सगळं कळतं. टेसाने डावा खांदा किंचित खाली केला की डावीकडे वळसा. चाल आखडली की पुढे अरुंद आहे. मान वर गेली, दांडी हलकेच मागे आली, म्हणजे कुणी ओळखीचं दिसलंय. एकदा सरळ मोकळ्या फुटपाथवर ती उभीच राहिली. पायाने चाचपलं, काही नाही. हात पुढे केला तेव्हा तोंडाच्या उंचीवर बांधकामाच्या परांचीची आडवी फळी लागली. तिच्या डोक्यावरून ती फळी कितीतरी उंच होती. तिला खालून आरामात जाता आलं असतं. माझी उंची आणि माझी रुंदी धरून जागा मोजायला तिला शिकवलेलं होतं, आणि ते तिने तिथे केलं. काठी त्या फळीखालून सरळ निघून गेली असती.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती. या कुत्र्यांना आज्ञा मोडायलाही शिकवतात. मी "फॉरवर्ड" म्हटलं आणि समोरून गाडी येत असेल, तर त्याने हलायचं नाही. मी पुढे झुकले तरी नाही. प्रशिक्षणात हे मुद्दाम घडवतात. प्रशिक्षणाच्या गाडीने ठरवून आडवं यायचं, कधी गल्लीतून, कधी मागे घेत. बाकी सगळ्या शिक्षणात कुत्रा ऐकायला शिकतो, आणि इथे त्याला माझ्या शब्दापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा असतो. तेवढंच अवघड दुसऱ्या बाजूचंही असतं. हातातली दांडी थिजली की "चल ना" म्हणायचं नाही, कारण विचारायचं नाही, थांबायचं. विजेवरच्या गाड्या आल्यापासून हे फार जवळून कळलं. हळू वेगात त्या जवळजवळ आवाजच करत नाहीत. युरोपीय संघात २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांना कमी वेगात आवाज करणारी यंत्रणा सक्तीची झाली, आणि त्यासाठी अंध लोकांच्या संघटनांनी बरीच धडपड केली. पण त्याआधीच्या गाड्या रस्त्यावर आहेतच. एका संध्याकाळी सगळं शांत वाटलं, मी शब्द दिला, आणि टेसा दगडासारखी उभी. मग पायाच्या अगदी पुढून टायरखाली खडी चिरडल्याचा आवाज गेला. इंजिनाचा आवाज नव्हताच. मी तिथेच खाली बसून तिच्या गळ्यात हात टाकला. हार्नेस अंगावर असताना असं करू नये म्हणतात. त्या दिवशी केलं.

मी कॉलेजात इतिहास शिकवते, त्यामुळे हे सगळं कुठून आलं ते शोधल्याशिवाय राहवलं नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीत कितीतरी सैनिक दृष्टी गमावून परतले, आणि डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग इथे अंधांसाठी कुत्रे तयार करणारी पहिली शाळा निघाली. ताठ दांडीची कल्पना मात्र त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधीची. व्हिएन्नातले योहान विल्हेल्म क्लाइन यांनी १८१९ मध्ये ती लिहून ठेवली होती आणि ती तशीच पडून राहिली. स्वित्झर्लंडमध्ये पोलिसांसाठी आणि लष्करासाठी कुत्रे तयार करणाऱ्या डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी जर्मनीतलं काम पाहून १९२७ मध्ये एक लेख लिहिला. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमधल्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला तो वडिलांनी वाचून दाखवला. त्याने युस्टिसबाईंना पत्र घातलं, १९२८ मध्ये स्वित्झर्लंडला गेला, आणि बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांच्या देखत त्या दोघांनी एक वाहता रस्ता ओलांडला. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. ब्रिटनमधल्या पहिल्या चार कुत्र्या १९३१ साली तयार झाल्या: जुडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा.

फ्रँकने उरलेलं आयुष्य बरंचसं दारं उघडण्यात घालवलं. हॉटेलची, रेल्वेच्या डब्यांची. ते काम अजून संपलेलं नाही. आज अनेक देशांत कायदा आमच्या बाजूने आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याखाली दुकानदाराला कागदपत्रं मागता येत नाहीत. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का आणि तो कोणतं काम करतो, एवढंच विचारता येतं. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने टॅक्सीवाल्याला जास्तीचे पैसे न घेता कुत्र्यासह न्यावंच लागतं. सूट फक्त वैद्यकीय दाखला असलेल्यांना. कायदा असतो, आणि तरी बोलावलेली टॅक्सी हळू होते, काच खाली आल्याचा आवाज येतो, क्षणभर काहीच नाही, आणि गाडी निघून जाते. पाऊस पडत असतो, तासाला पोचायचं असतं. कुणी ओरडलं तर निदान बोलता येतं. निघून गेलेल्या गाडीशी काय बोलणार? याचा मला राग येतो आणि तो ओसरावा असं मला वाटतही नाही.

रस्त्यावरची बाकीची माणसं बहुतेक प्रेमळच असतात. अडचण त्या प्रेमाचीच होते. चालता चालता कुणी डोक्यावरून हात फिरवतं, कुणी च्यक् च्यक् करतं, कुणी खिशातलं बिस्किट पुढे करतं. तेवढ्यात त्याचं लक्ष गेलं की मी पायरीवरून पडू शकते. मुलं जास्त शहाणी असतात, आधी विचारतात. दुसरं वाक्य म्हणजे "बिचारा, दिवसभर काम!" त्या माणसांना मी घरी बोलवायला हवं. हार्नेस काढला की नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकच झटका, आणि पुढच्या क्षणी माझी चप्पल पळवलेली असते. सकाळी हार्नेस खुंटीवरून काढल्याचा आवाज आला की स्वतःहून मान आत घालायला येतो. ज्यांना हे काम आवडत नाही त्या कुत्र्यांना संस्था पुढे पाठवतच नाहीत. पिल्लांतली बरीचशी या कामापर्यंत पोचत नाहीत, आणि त्यांना दुसरं काम किंवा चांगलं घर मिळतं.

आणखी एक प्रश्न लोक चाचरत विचारतात, तर सांगून टाकते. हो, त्याची शी मीच उचलते. ठरलेल्या शब्दावर तो ठरलेल्या जागी बसतो, मी पाठीवर हात ठेवते. पाठ सरळ उतरती असेल तर शू. कमान झाली तर पिशवी हातात घालून, पायाचा अंदाज घेऊन खाली वाकायचं. काही अवघड नाही.

टेसा दहा वर्षांची व्हायला आली तेव्हा जिन्यावर चढताना दांडी मागे पडायला लागली. रस्त्यात एकही चूक नव्हती. फक्त प्रत्येक वळसा थोडा उशिरा यायचा आणि संध्याकाळी ती दाराशीच बसकण मारायची. प्रशिक्षक बाई आल्या, आमच्यामागून चालल्या, आणि घरी येऊन म्हणाल्या, "तिला आता सुट्टी देऊया." मला ते आधीच माहीत होतं. दांडी हातात माझ्याच होती. काहीजण निवृत्त कुत्रा स्वतःकडेच ठेवतात. माझ्या घरी दिवसभर कुणी नसतं आणि नवा कुत्रा माझ्याबरोबर बाहेर पडताना तिला रोज मागे ठेवणं माझ्याने झालं नसतं. पिल्लू असताना, साधारण आठ आठवड्यांची असल्यापासून, ज्या कुटुंबाने तिला वाढवलं होतं त्यांनी तिला परत मागून घेतलं. त्या ताईंनी फोनवर सांगितलं की ती पूर्वीसारखीच दारातल्या बुटांवर हनुवटी टेकून झोपते. ज्यांनी एक पिल्लू वर्षभर वाढवून रडत रडत शाळेत सोडलं, ते कुणा अनोळखी बाईसाठी, त्या माणसांना मी कधी पुरेसे धन्यवाद देऊ शकेन असं वाटत नाही.

मॉरिस फ्रँकने बडीनंतरच्या कुत्र्यांनाही बडी हेच नाव दिलं. मला ते समजतं आणि तरी मला ते जमणार नाही, कारण मॉस टेसा नाही. तो काळा लॅब्राडोर आहे, ओढ जास्त, चाल लांब. जोडी जमवण्याआधी प्रशिक्षक बाई स्वतः कुत्र्याच्या जागी हार्नेस धरून पुढे चालतात आणि मी मूठ धरते. माझा वेग, माझा तोल, मला किती ओढ चालते हे त्या अशा जोखतात. त्याला जुनो वॉक म्हणतात. त्यात सगळं जुळलं होतं, तरी पहिले काही महिने माझा हात टेसाचा खांदा शोधत राहिला. ती आधी सावकाश व्हायची, मग वळायची. हा वेगातच वळतो, आणि मी अर्धं पाऊल मागे राहते. शेजारी म्हणतात, "कुत्रा छान मिळालाय, आता काळजी नाही." काळजी आहे. त्याला अजून माझं पुरतं कळलेलं नाही आणि मला त्याचं. परवा भाजीच्या ढिगापाशी तो थबकला, तेव्हा वास घेतोय की अडथळा दाखवतोय हे मला दांडीतून ओळखता आलं नाही. हात पुढे केला. हातगाडीचा दांडा होता. "शाब्बास रे माझ्या सोन्या," मी म्हटलं, आणि दांडी शेपटीच्या तालावर हलली.

शांत गाडीची परीक्षा आमची अजून झालेली नाही. प्रशिक्षक बाई गुरुवारी विजेवरची गाडी घेऊन येणार आहेत. गाडी कोणत्या गल्लीतून, केव्हा आडवी येईल हे त्या मला सांगणार नाहीत, आणि तसंच ठरलंय आमचं.