जीह्ये म्हणजे आपली प्रज्ञा

कोरियात पस्तिशी ओलांडलेल्या बायकांच्या घोळक्यात ‘जीह्ये’ अशी हाक मारली, तर एकीपेक्षा जास्त माना वळण्याची शक्यता दांडगी. 1988 साली जन्मलेल्या मुलींचं हे सगळ्यात लाडकं नाव. आमच्या टीममध्येच दोघी आहेत.

नुसतं ऐकून अर्थ मात्र कळत नाही. हांगुल या कोरियन लिपीत दोघी नाव सारखंच लिहितात. पण जन्मनोंदणीत बहुतेकांच्या नावापुढे चिनी अक्षरंही असतात. त्यांना इथे हांजा म्हणतात, आणि खरी गोम तिथे असते. ‘जी’ म्हणजे शहाणपण किंवा निर्धार, ‘ह्ये’ म्हणजे बुद्धी नाहीतर कृपा. आईबापांनी कुठली जोडी निवडली, त्यावर सगळं. नावात चालणाऱ्या हांजांची यादी सर्वोच्च न्यायालय ठरवतं. तीत नऊ हजारांवर अक्षरं आहेत! गोंधळलेले आईबाप मग नावं काढून देणाऱ्यांचं दुकान गाठतात. जन्मवेळ बघणं आलंच, वर तो बाबा अक्षराच्या रेघाही मोजतो. आपले गुरुजी आद्याक्षर सांगून मोकळे होतात.

आमच्यातल्या एकीची अक्षरं शहाणपण आणि बुद्धीची. ही जोडी चिनी बौद्ध ग्रंथांत ‘प्रज्ञा’ या संस्कृत शब्दासाठी वापरली आहे. म्हणजे बाई चक्क आपली प्रज्ञा निघाली! तिला हे सांगितलं, तर म्हणाली, ‘मग मला प्रज्ञाच म्हण.’ पण तो ‘ज्ञ’ काही तिला जमेना.

तिच्या आजीचं नाव यंगजा. हा शेवटचा ‘जा’ म्हणजे जपानी बायकांच्या नावातला ‘को’. अक्षर तेच, उच्चार कोरियन. 1910 ते 1945 जपानची सत्ता होती, त्या काळाची ही खूण. 1940च्या दशकात घरोघरी यंगजा होत्या. आज हे नाव बाळाला कुणी ठेवत नाही.

त्याहून दुखरी नावं म्हणजे हूनाम वगैरे. हूनाम म्हणजे ‘हिच्या मागून मुलगा’. ऐकलं आणि आपली नकुशी आठवली. सातारा जिल्ह्यात 2011 साली दोनशेहून अधिक नकुशींना समारंभ करून नवी नावं दिली होती, ते आठवत असेल.

प्रज्ञाबाईंनी स्वतःच्या लेकीचं नाव हानुल ठेवलंय. हानुल म्हणजे आकाश. अस्सल कोरियन शब्द असल्यामुळे हांजाची भानगडच नाही.

लग्नानंतर इथल्या बायका ना नाव बदलतात, ना आडनाव. त्यामुळे माझ्या कार्डावरचं लांबलचक नाव बघून तिचा पहिला प्रश्न होता, ‘मधलं कोणाचं?’ नवऱ्याचं म्हटल्यावर तिने विचारलं, ‘आणि त्याच्या कार्डावर तुझं?’

‘त्याच्या वडिलांचं,’ मी म्हटलं. त्यावर ती खो खो हसत सुटली.